जुन्या लॅपटॉपचा पंखा आवाज करतोय? आधी आवाज कोणता ते ओळखा

प्रश्न थोडक्यात असा: २०१७ साली घेतलेला लॅपटॉप, प्रोसेसर इंटेल आय५-७२००यू, विंडोज १०. आता मुलगी अकरावीच्या अभ्यासासाठी वापरते. सकाळी सुरू केला की पंखा घरघर करतो, पाच-दहा मिनिटांनी ती घरघर कमी होते. दुपारी व्हिडिओवरचं लेक्चर लावलं की पंखा सूं सूं करत पूर्ण वेगाने फिरत राहतो. दुकानदार म्हणतो, जुना झालाय, नवा घ्या. अकोल्यात राहतो, उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. घरी काही करता येईल का? आणि पंख्याचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला तर चालेल का?

उत्तर:

तुम्ही एका तक्रारीत दोन वेगळे आवाज सांगितले आहेत, आणि ते वेगळे सांगितलेत हे फार बरं झालं. सकाळची घरघर हे पंख्याचं स्वतःचं दुखणं आहे, त्याचं बेअरिंग झिजलंय. दुपारची सूं सूं हे पंख्याचं दुखणं नाही. आतली उष्णता बाहेर पडत नाहीये, म्हणून पंखा जीव तोडून फिरतोय. पहिल्यावर इलाज म्हणजे पंखा बदलणं. दुसऱ्यावर इलाज म्हणजे साफसफाई, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे पोचवणारा लेप) आणि प्रोसेसरवरचा भार कमी करणं. झाकण एकदाच उघडून दोन्ही कामं होतात. लॅपटॉप टाकून द्यायची वेळ आलेली नाही. सॉफ्टवेअरने वेग मात्र दाबू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी आवाज पंख्याचाच आहे याची खात्री करा. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असायची आणि तीही म्हातारपणी आवाज करते. वहीच्या कागदाची पुंगळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं टोक लॅपटॉपवर ठिकठिकाणी फिरवा. गरम हवा जिथून बाहेर येते त्या कोपऱ्यात आवाज मोठा असेल तर पंखा. तळहात टेकतो त्या भागाखालून टकटक किंवा खरखर येत असेल तर डिस्क, आणि मग पंखा-बिंखा बाजूला ठेवून आधी सगळ्या फायलींची दुसरीकडे प्रत काढा. पंख्याच्या बेअरिंगची आणखी एक खूण आहे. चालू लॅपटॉप अगदी सावकाश एका बाजूने थोडा उचला. कोन बदलला की घरघर बदलते किंवा थांबते, तेव्हा बेअरिंग गेलंय असं खुशाल समजा. हे सावकाशच करा, आत फिरणारी डिस्क असेल तर तिला धक्के सोसत नाहीत. डेल असेल तर सुरू करताना एफ१२ आणि एचपी असेल तर एफ२ दाबून कंपनीची स्वतःची तपासणी चालवता येते, त्यात पंखाही तपासला जातो.

याच वेळी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर आलंय का, खालचं झाकण मधे फुगलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. फुगलेली बॅटरी आतून दाब देते, आणि त्या दाबाने पंख्याची पाती झाकणाला घासू लागल्याचं मी पाहिलंय. अशा वेळी घरी काहीही करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी दुकानातूनच काढून घ्या. तिला टोचणं, दाबणं म्हणजे आगीशी खेळ आहे.

आता सकाळच्या घरघरीबद्दल. लॅपटॉपमधला पंखा पाच व्होल्टवर चालतो, आणि स्वस्त ते मध्यम मॉडेल्समध्ये त्याचा बारीक दांडा एका छोट्या नळीत, म्हणजे स्लीव्ह बेअरिंगमध्ये फिरतो. त्या नळीत तेल असतं. वर्षानुवर्षं गरम होऊन तेल आटतं, घट्ट होतं आणि दांडा व नळीच्या मधली फट वाढत जाते. थंड असताना पंखा थोडा डगमगत फिरतो, तोच तुम्हाला ऐकू येतो. लॅपटॉप तापला की उरलंसुरलं तेल पातळ होतं आणि आवाज बसतो. म्हणजे ‘थोड्या वेळाने कमी होते’ हे तुमचं निरीक्षण निदानाला पुरेसं आहे. ही घरघर आपोआप जाणार नाही. काही महिन्यांनी ती दिवसभर राहील आणि एक दिवस पंखा सुरूच होणार नाही.

तेल घालून बघू का, हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घातला तर आवाज काही आठवडे, क्वचित काही महिने दबतो. नवा पंखा येईपर्यंत वेळ काढायला ते ठीक आहे, पण फट वाढलेली असते ती तेलाने भरून येत नाही. शिवाय आजकालचे बरेच पंखे बंदिस्त असतात, तेल आत पोचायला वाटच नसते, आणि बळजबरीने पाती उपसली की ती वाकडी होतात. डब्ल्यूडी-४० फवारू नका, ते असलेलं वंगण धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. आणि खोबरेल तेल तर अजिबात नको, थंडीत ते बाटलीत गोठतं तसं बेअरिंगमध्येही गोठेल.

तेव्हा पंखा बदला. विकत घेताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या लॅपटॉपचे पंखे वेगळे असू शकतात. आधी झाकण उघडा, जुन्या पंख्यावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, डेल्टा, सनॉन, एव्हीसी, फोर्सकॉन यांपैकी एखादं, आणि खाली लांबलचक पार्ट नंबर. तो नंबर, तारांची संख्या (तीन की चार), प्लगचा आकार आणि स्क्रूच्या भोकांची जागा, हे सगळं जुळलं पाहिजे. चार तारांपैकी दोन विजेच्या, एक वेग सांगणारी आणि एक वेग ठरवणारी असते. त्यामुळे तीन तारांचा पंखा चार तारांच्या जागी दामटून बसवला तर लॅपटॉपला वेग ताब्यात ठेवता येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे जुन्या मॉडेल्सचे पंखे मिळतात, अकोल्यात नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा. बहुतेक जुन्या मॉडेल्सचा पंखा हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतो. वापरलेला, दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला पंखा स्वस्त मिळेल, पण त्याचंही बेअरिंग तितकंच जुनं असणार. तिथे पैसे वाचवू नका.

दुपारच्या सूं सूंकडे वळू, कारण तुमच्या घरी खरा त्रास तिचाच आहे.

प्रोसेसरवर एक तांब्याची पट्टी बसलेली असते, तिच्यातून उष्णता तांब्याच्याच चपट्या नळीने कोपऱ्यातल्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत जाते. पंखा खालून हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाहेर फेकतो. घरातली धूळ, गादीच्या कापसाचे तंतू, केस, सगळं खालून आत जातं आणि जाळीच्या आतल्या बाजूला अडकतं. बाहेरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते आणि माणूस फसतो. पंखा उचलला की दिसतं, पंखा आणि जाळी यांच्या मधे राखाडी नमद्यासारखा घट्ट थर तयार झालेला असतो, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत किंवा देवघराजवळ वापरलेल्या लॅपटॉपमध्ये हा थर चिकट असतो, फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीचा धूर धुळीला बांधून ठेवतो. असा थर फुंकून जात नाही, हातानेच काढावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधली थर्मल पेस्ट. इतक्या वर्षांत ती वाळून भुकटी झालेली असते. मग प्रोसेसर तापतो, पण उष्णता जाळीपर्यंत पुरती पोचतच नाही, आणि पंखा कितीही फिरला तरी उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट अकोल्याचा उन्हाळा. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २५ अंश असताना जो प्रोसेसर ७० अंशांवर राहतो, तोच त्याच कामाला आणि त्याच वेगाच्या पंख्याला, खोली ४० अंशांवर गेली की ८५ च्या आसपास जातो. म्हणून मे महिन्यात पंखा जास्त वेगाने फिरतो ही बिघाडाची खूण नाही. कूलर लावत असाल तर हवा खोलीत फिरू द्या, पण लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. दमट हवा आणि पाण्याचे तुषार आत गेले की धुळीचा चिखल होतो आणि प्लगवर गंज चढतो. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर नको. हवा आत घ्यायच्या फटी खालीच असतात, गादीवर त्या बंद होतात. मागच्या बाजूला दोन जाड वह्या ठेवून तो तिरका केला तरी फरक पडतो.

चौथी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती नक्की तपासून पाहा. तुमचा आय५-७२००यू हा प्रोसेसर व्हिडिओ उलगडायचं काम स्वतःच्या खास भागावर टाकतो, त्यामुळे एरवी व्हिडिओला ताकद फारशी लागत नाही. व्हिडिओ दाबून लहान करून पाठवायचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांपैकी एच.२६४ आणि व्हीपी९ या दोन्ही प्रकारांसाठी ही सोय त्यात आहे. पण एव्ही१ या नव्या प्रकारासाठी ती नाही, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २०२० च्या अकराव्या पिढीपासून आली. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्ये पाठवतं. मग ते उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरच्या दोन कोअरवर येतं आणि पंखा भडकतो. व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्ही०१ दिसलं तर हेच घडतंय. ब्राउझरमध्ये एव्ही१ अडवणारं एक्स्टेन्शन टाका, मग यूट्यूब व्हीपी९ किंवा एच.२६४ पाठवतं. तोपर्यंत व्हिडिओ ७२०पी वर आणला तरी भार उतरतो, आणि फळ्यावरचं लेक्चर ७२०पी मध्येही नीट वाचता येतं. नंतर टास्क मॅनेजरमध्ये बघा, ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख वर आणि प्रोसेसरचा खाली असायला हवा.

आता वेग दाबण्याबद्दल. पंख्याचा वेग हा परिणाम आहे. उष्णता आत ठेवून पंखा गप्प केला तर प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेपर्यंत चढतो, स्वतःच स्वतःला हळू करतो, आणि शेजारची बॅटरी, डिस्क, कॅपॅसिटर रोज भाजत राहतात. मूळ उष्णताच कमी केली तर पंखा आपणहून मंदावतो. विंडोजमध्ये त्यासाठी साधी सोय आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा, ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. आकड्याने एकचा फरक दिसतो, पण त्याने टर्बो बंद होतो. तुमचा प्रोसेसर ३.१ गिगाहर्ट्झपर्यंत उसळायचा थांबून २.५ च्या आसपास राहतो. लेक्चर, नोट्स, पीडीएफ यांना ते भरपूर आहे. शेवटच्या त्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो, म्हणून उष्णतेतली बचत वेगातल्या घटीपेक्षा मोठी असते. आणि पंख्याच्या आवाजाचा हिशोबही आपल्या बाजूने आहे. वेग २० टक्के कमी झाला तर हवाही साधारण २० टक्केच घटते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला स्पष्ट कळेल इतका. त्यामुळे थोडी उष्णता वाचवूनही घरात शांतता वाटते.

लॅपटॉप उघडताना घाई करू नका. पूर्ण बंद करा, नुसता झाकून ठेवलेला नको. चार्जर काढा. एका कोऱ्या कागदावर खालच्या झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी कागदात टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरच्या बाजूचं प्लास्टिक फुटतं किंवा बोर्डाला इजा होते. रबरी पायांखाली दडलेले स्क्रू आहेत का बघा. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड वापरा, लोखंडी पातं नको. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा प्लग काढणं, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. स्टीलच्या कपाटाला किंवा नळाला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा, मगच बोर्डाला हात घाला. काही मॉडेल्समध्ये खालून रस्ताच नसतो, कीबोर्ड काढून बोर्ड उलटावा लागतो. तुमचा तसा निघाला तर थांबा आणि काम दुकानात द्या, पण पंखा, पेस्ट आणि सफाई या तीन गोष्टी नावानिशी सांगून द्या. नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ म्हणू नका.

जाळीतला थर चिमट्याने काढा, उरलेलं मऊ ब्रशने. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती दातकोरणीने अडवून ठेवा. हवेच्या झोताने पंखा मोकाट फिरला की बेअरिंगचं वाटोळं होतं, आणि बोर्डाला जोडलेला असेल तर फिरता पंखा उलटी वीजही तयार करतो. लॅपटॉप न उघडता बाहेरून ब्लोअर मारू नका, तो थर मागे सरकून पंख्यातच पडतो.

तांब्याची पट्टी काढताना तिच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. लावताना त्या क्रमाने, काढताना उलट्या क्रमाने, आणि दर वेळी प्रत्येक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा. एक कोपरा एकदम मोकळा केला तर दाब तिरका पडतो, आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरवर टोपण नसतं, सिलिकॉनची उघडी काच असते. तिचा कोपरा उडाला तर बोर्ड गेला. पट्टी चिकटलेली असेल तर ओढू नका, किंचित डावी-उजवीकडे हलवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि बिनधाग्याच्या कापडाने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, आणि उघड्या काचेवर ती पातळ पसरून सगळा पृष्ठभाग झाकणं मला जास्त खात्रीचं वाटतं. आसपासच्या चिप्सवर मऊ रबरी पट्ट्या, थर्मल पॅड असतील तर त्या तशाच राहू द्या. फाटल्या तर त्याच जाडीच्या नव्या लावा. त्यांच्या जागी पेस्ट भरून चालत नाही, मधे फट राहते. ‘लिक्विड मेटल’ नावाची पेस्ट घेऊ नका. ती विजेची वाहक असते, सांडली तर शॉर्ट होतं, आणि ॲल्युमिनियमला तर ती खाऊनच टाकते.

दुकानदाराच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. पण त्याचा पंख्याशी संबंध नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली या लॅपटॉपवर चांगली चालेल, आणि हार्ड डिस्क अजून फिरणारी असेल तर उघडलेल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवायची हीच योग्य वेळ आहे. एक फिरणारी वस्तू कमी होईल आणि लॅपटॉप सुरू व्हायलाही वेळ लागणार नाही.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पंख्याच्या बिघाडाचा इशारा आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा पंख्याचा प्लग पूर्ण बसलेला नसतो. परत बॅटरीचा प्लग काढून तो नीट दाबा. मग एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून तापमान बघा. काही काम नसताना ४५ ते ५५ अंश आणि अर्धा तास लेक्चर चालल्यावर ७५ च्या आत असेल तर काम फत्ते झालं, मे महिन्यात दोन्हीकडे दहा-बारा अंश वाढीव धरा. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत तापमान ९० च्या पुढे उसळलं तर दोष पंख्यात नाही. पट्टीचा एखादा कोपरा नीट टेकलेला नाही. अशा वेळी तोच स्क्रू जास्त आवळू नका. पट्टी पुन्हा उचला, पसरलेली पेस्ट पूर्ण पुसा, नवी लावा आणि आकड्यांच्या क्रमाने पुन्हा बसवा.